ओल्या लोकरीचे बाळबूट: ठाण्यात / नवी मुंबईत कोणी फेल्टिंग करतं का?

तलावपाळी | 8 जुलै, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक हॅम्बुर्गला असते. ऑक्टोबरअखेर तिचं बाळंतपण आहे, मी दसरा झाला की निघणार. विणकाम मला येतं. टोपडी, मोजे, स्वेटर अशी फौज तयार आहे. पण मध्यंतरी लेकीने एक व्हिडिओ पाठवला. लोकरीचे पुंजके पसरायचे, त्यावर साबणाचं गरम पाणी शिंपडायचं, चोळायचं, गुंडाळायचं, आपटायचं आणि शेवटी हातात बिनशिवणीचा बूट. सुई नाही, टाका नाही. "आई, हे येईल का तुला?" असं तिने विचारलं. येईल का म्हणजे काय! तीस वर्षं बँकेत काढली आहेत मी.

जांभळी नाक्यावरून 'बेबी वूल'चे दोन गुंडे आणले, धागा उलगडून हाताने पिंजला आणि व्हिडिओ बघत बघत चार तास चोळला. हाती काय आलं? ओला गुंता. ह्यांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, "शेवया छान झाल्यात."

कुणी केलंय का हे? लोकर कुठली घ्यायची? आणि पावसाळ्यात वाळवायचं कसं?

घामाघूम | 8 जुलै, रात्री 11:20

ठाण्यात. जुलैत. लोकर. काकू, आमच्याकडे जानेवारीतसुद्धा पंखा दोनवर असतो.

खाडीपलीकडे | 9 जुलै, सकाळी 7:15

ताई, आधी एक करा. त्या गुंड्यातला वीतभर धागा चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली गेली तर ती लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. 'बेबी वूल' हे बऱ्याचदा नुसतं नाव असतं. विणकामाला ॲक्रिलिक चालतं, पण त्याचा नमदा (फेल्ट) सात जन्मांत होणार नाही.

मी नेरूळला असते, सहा वर्षं हे करतेय. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता डबे.

तलावपाळी | 9 जुलै, सकाळी 9:02

मणी झाला. दोन्ही गुंड्यांचा. काळ्या पोतीत ओवता येतील.

गिरणीकर | 9 जुलै, सकाळी 11:40

'होणार नाही' यामागचं कारण सांगतो. आमचे वडील रेमंडच्या ठाण्याच्या गिरणीत फिनिशिंगला होते. (1925 साली सुरू झालेली ती गिरणी 2009 मध्ये बंद झाली. आता तिथून जाताना मान वर करून टॉवर बघावे लागतात.) तुम्ही ज्याला फेल्टिंग म्हणताय त्याचा भाऊ म्हणजे गिरणीतलं 'मिलिंग'. विणलेलं लोकरीचं कापड साबणपाण्यात घालून रोलरखाली दाबत राहायचं, मग ते आटतं, घट्ट होतं, विणीची भोकं दिसेनाशी होतात. ब्लँकेटचं, ओव्हरकोटचं जाड कापड असंच होतं.

लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. पावसाळा संपल्यावर येऊरला गेलं की पँटमध्ये कुसळं शिरतात, तुम्ही चालाल तशी ती आत आत जातात आणि मागे काही येत नाहीत. इथेही तसंच. गरम साबणपाण्यात तंतू मऊ आणि निसरडे होतात. चोळलं की प्रत्येक तंतू आपल्या मुळाकडच्या बाजूने पुढे सरकतो, खवले त्याला मागे येऊ देत नाहीत. असे हजारो तंतू एकमेकांत शिरले की कापड तयार. आणि एकदा झालं की उलट नाही. विणकाम उसवता येतं, हे उसवता येत नाही.

ॲक्रिलिक गुळगुळीत, त्याला खवलेच नाहीत. पण अस्सल लोकर असूनही फसगत होते बरं का! 'सुपरवॉश' किंवा 'मशीन वॉशेबल' लिहिलेली लोकर घेऊ नका. मशीनमध्ये आटू नये म्हणून तिचे खवले रसायनाने झिजवलेले किंवा लेप देऊन झाकलेले असतात. म्हणजे आपल्याला हवा तोच गुण काढून टाकलेला.

आळशी मांजर | 9 जुलै, दुपारी 1:05

कुसळाचं उदाहरण एक नंबर. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

म्हणजे माझा शिमल्याचा स्वेटर बाईंनी मशीनला लावला आणि तो भाचीच्या मापाचा झाला, तेव्हा मी नकळत फेल्टिंग केलं होतं तर.

गिरणीकर | 9 जुलै, दुपारी 1:30

केलं होतंत. फक्त माप आधी घेतलं नव्हतं.

खाडीपलीकडे | 9 जुलै, रात्री 9:48

हं, आता बसून लिहिते. मोठा प्रतिसाद आहे, चहा घ्या.

लोकर: बाळासाठी मेरिनो (मऊ लोकरीच्या मेंढीची जात), धागा नव्हे, 'टॉप्स' मागा. धुतलेली, विंचरलेली, कातलेली नाही अशी, मनगटाएवढ्या जाड पेडाच्या रूपात मिळते. ऑनलाइन घेताना मायक्रॉन (म्हणजे तंतूची जाडी) विचारा. 18 ते 21 च्या आसपासची अंगाला टोचत नाही. तंतू जाड झाला की टोक कातडीत रुतायला लागतं, तिशीच्या पुढची तर बाळाच्या अंगाला लावूच नये. विक्रेत्याला मायक्रॉन म्हणजे काय ते कळत नसेल तर दुसरा विक्रेता बघा. हे अनुभवाचे बोल आहेत, मी एकदा 'मेरिनो' म्हणून आलेल्या लोकरीचं टोपडं केलं आणि पुतण्या ते घालून पाच मिनिटं रडला.

सामान: ऑनलाइन पार्सलमधून येणारा बबल रॅप, पडद्याच्या नेटचा तुकडा, जुना टॉवेल, पोळ्यांचं लाटणं (नंतर पोळ्यांना वापरायचं नाही), झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. काटा नसेल तर दोन बूट एकसारखे होत नाहीत, मी लिहून देते. साबण साधा, अंगाचा. किसून मोठा चमचाभर, लिटरभर गरम पाण्यात. कपड्याची पावडर नको. बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच.

साचा: ऑफिसच्या फाइलच्या प्लास्टिकचा कापा. बाळाचा बूट दोन पावलं टाचेला टाच जोडल्यासारखा काढायचा, म्हणजे एकाच साच्यावर दोन्ही बूट होतात आणि शेवटी मधोमध कापले की दोघांची तोंडं उघडतात. साचा मध्ये असतो म्हणून वरची आणि खालची लोकर एकमेकींना चिकटत नाही. शिवण नसण्याचं गुपित एवढंच.

थर: माझ्या हाताला जोडीला 24 ग्रॅम लागते. त्यातली 12 एका बाजूला, 12 दुसऱ्या. प्रत्येक बाजूला चार थर, म्हणजे थराला 3 ग्रॅम. पेड एका हातात सैल धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी टोकाकडून नुसता ओढायचा. कापसाची वात काढताना जसा कापूस सुटतो तसा पातळ पदर सुटला पाहिजे. जोर लावावा लागला तर तुमचे हात फार जवळ आहेत, एक वीत अंतर ठेवा. पहिला थर आडवा, दुसरा उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. साच्याच्या कडेबाहेर बोटभर लोकर लोंबू द्यायची, ती ओली करून मागच्या बाजूवर दुमडायची. कडेशी सगळ्यात जास्त घोळ होतो. दुमडताना घडी राहिली की तिथे कोंबड्याच्या तुऱ्यासारखी कड उठते आणि मग ती जन्मात बसत नाही.

चोळणं: नेट टाका, पाणी शिंपडा, तळव्याने दाबून हवा काढा. पहिली दहा मिनिटं नुसतं गोंजारायचं. सगळे नवशिके इथेच चुकतात. सुरुवातीलाच कणीक मळल्यासारखं रगडलं की थर सरकतात आणि भोकं पडतात. फेस कमी, ओल जास्त नको. फार फेस झाला तर तंतू त्यात तरंगत बसतात, एकमेकांना धरत नाहीत. दर दोन मिनिटांनी नेट उचलून बघा, नाहीतर लोकर नेटमधून वर येऊन नेटलाच नमदा करते.

मग चिमटा काढून बघा. तंतू सुटे वर आले तर अजून चोळा, सगळी चादर एकत्र उचलली गेली तर जमलं. आता बबल रॅपसकट लाटण्यावर गुंडाळून मागेपुढे लोळवायचं, शंभरदा, मग दिशा बदलून पुन्हा शंभरदा. ज्या दिशेने लोळवाल त्या दिशेने आटतं, म्हणून चारही बाजूंनी. आता साचा आतल्या आत वळायला लागतो, म्हणजे बूट त्याला पुरेनासा झाला. मधोमध कापा, साचा काढा, कापलेल्या कडांवर साबणाचं बोट फिरवून त्या बंद करा. आणि आता मात्र जोर. गरम पाण्यात बुडवा, पिळा, ओट्यावर आपटा. शेजारीण विचारायला येईपर्यंत.

शेवटी साध्या पाण्यात साबण जाईपर्यंत धुवा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर, उरलासुरला साबणाचा अल्कली त्याने मरतो. आत बोटं घालून टाच, चवडा ओढून आकार द्या. वाळल्यावर तोच राहतो.

आटण्याचं माप मात्र आधी काढा. माझं साधारण 35 टक्के येतं. तुमचा हात, तुमची लोकर, तुमचं माप. 20 बाय 20 सेंटीमीटरचा एक चौकोन करून बघितल्याशिवाय साचा कापू नका. ताई, खरंच कापू नका.

घामाघूम | 9 जुलै, रात्री 10:30

मी थट्टा करायला आलो होतो, पूर्ण वाचून काढलं. आता झोप येत नाहीये.

पेटीवाला | 10 जुलै, सकाळी 8:10

आमच्या धंद्यात हा नमदा रोजचा. पेटीच्या पट्ट्यांखाली फेल्टची पट्टी असते, नाहीतर वाजवताना सूर कमी आणि टकटक जास्त. पण तो कसा होतो हे आज कळलं.

अवांतर: आमची नाशिककडची आजी 'बुरणूस' म्हणायची. जाड, न विणलेला लोकरीचा अंथरायचा तुकडा. घोंगडी वेगळी, ती मागावरची, तिला चिंचोक्याची खळ. बुरणुसाला ताणाबाणा नसतो. म्हणजे शब्दसुद्धा आपल्याकडे होता, आपणच 'वेट फेल्टिंग' करून बसलो.

आळशी मांजर | 10 जुलै, सकाळी 10:22

बुरणूस! कित्येक वर्षांनी ऐकला. बाकी हिंदीतले लेख वाचताना सांभाळा. 'ऊन को गरम पानी में डालें' वाचून मी क्षणभर खिडकीकडे बघितलं.

उत्खनन | 10 जुलै, दुपारी 12:15

कापड विणण्याच्याही आधीची ही कला असावी असं पुष्कळ जण मानतात. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिकची थडगी बर्फात गोठलेली सापडली, त्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे नमदे जसेच्या तसे होते. त्यात नमद्याचे हंससुद्धा आहेत. आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ठेवलेत. मंगोल, कझाक, किरगिझ लोकांचे तंबू नमद्याचेच. किरगिझस्तानच्या अला-कियिझ आणि शिरदाक या नमद्याच्या गालिच्यांची कला 2012 मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या यादीत घेतली. आपल्याकडे काश्मीरचा नमदा, त्यावर आरीची साखळी टाक्याची भरतकामं. राजस्थानात टोंक, गुजरातेत कच्छचे पिंजारा आणि मन्सुरी कारागीर. टोंक जिल्ह्यातच अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, 1962 ची.

घामाघूम | 10 जुलै, दुपारी 12:40

काकूंना दोन इंची बूट करायचेत हो, तंबू नाही.

तलावपाळी | 19 जुलै, सायंकाळी 6:35

मंडळी, मेरिनो आली. 200 ग्रॅम, फिकट पिवळी, हळदीच्या दुधासारखी. पेडातून पदर ओढायला जमायला दोन दिवस गेले, पण जमल्यावर तो इतका सुंदर सुटतो की नुसतं ओढत बसावंसं वाटतं.

नमुन्याचा चौकोन केला (बघा, ऐकते मी). 20 चा 13 झाला. म्हणजे बरोब्बर 35 टक्के. बाळाचा बूट आतून 10 सेंटीमीटर हवा म्हणून साचा केला साडेतेराचा. दोन संध्याकाळी घालवल्या. आपटताना खालच्या मजल्यावरच्या वहिनी खरंच विचारायला आल्या. घट्ट झालाय, गुळगुळीत झालाय, कडेला तुरा नाही. पण मोजला तर जेमतेम पावणेनऊ! माझं आटणं अचानक वाढलं का?

गिरणीकर | 19 जुलै, सायंकाळी 7:10

आटणं वाढलं नाही. साडेतेराचे 35 टक्के कमी करून बघा.

तलावपाळी | 19 जुलै, सायंकाळी 7:26

अगं बाई.

दहात 35 टक्के मिळवले मी. भागायला हवं होतं 0.65 ने. म्हणजे साचा 15.4 चा. आणि म्हणे तीस वर्षं बँकेत! ह्यांना सांगू नका कुणी, ते इथे येत नाहीत.

खाडीपलीकडे | 19 जुलै, रात्री 8:00

ताई, हे सगळ्यांचं होतं. मी पहिल्या टोपीच्या वेळी हीच चूक केली, ती आज घरच्या गणपतीच्या उंदराला आहे. तुमचा लहान जोड टाकू नका.

घोडबंदर | 20 जुलै, सकाळी 9:45

मीही सुरू केलंय धागा वाचून. पण साबणाला फेसच येत नाही, पाणी नुसतं दुधाळ होतं आणि लोकरीवर चिकट थर बसतो. तीन वेळा साबण बदलला.

खाडीपलीकडे | 20 जुलै, सकाळी 10:05

टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं का सोसायटीत? जड पाणी आहे ते. क्षारांशी साबणाची चिकटण होते, तीच लोकरीवर बसते. पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा, लागतंच किती, दोन लिटर. किंवा आता पावसाचं धरा बाल्कनीत, फुकट आणि मऊ. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, फेसाची ददात नाही.

घोडबंदर | 21 जुलै, रात्री 9:12

पावसाचं पाणी धरलं. फेस असा की थांबेना. धन्यवाद! पाणीकपातीचं दुःख क्षणभर विसरले.

पाळणाघर | 22 जुलै, दुपारी 2:30

मी बालरोगतज्ज्ञ आहे, चार गोष्टी सांगून जाते. हौसेवर विरजण घालायचं नाहीये.

तान्ह्या बाळाला झोपताना घरात टोपी नको, लोकरीची तर नकोच. बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं, अंग तापण्याचा धोका खरा आहे. टोपी बाहेर नेताना. पाळण्यात नमद्याचे हत्ती, चेंडू, उशा काही ठेवू नका, पहिलं वर्षभर पाळणा रिकामा बरा. बुटाला मणी, बटण, लांब नाडी नको.

बूट आतून बाहेर उलटून बघा. सुटा तंतू किंवा केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, तंतू आत रुततो आणि दिसतही नाही. बाळ का रडतंय कळत नाही, मोजा काढून बघितल्यावर कळतं. असे बाळ आमच्याकडे येतात. म्हणून आतली लव कात्रीने किंवा साध्या वस्तऱ्याने साफ करा. विणलेल्या मोज्यांनाही हेच लागू, आतले लोंबते दोरे कापा.

आणि लोकरीत डांबरगोळ्या ठेवत असाल तर बाळाच्या कपड्यांत अजिबात नको. त्यातलं नॅप्थलीन जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फोडतं. कमतरता आहे हे बहुतेकदा आधी माहीत नसतं, कावीळ झाल्यावर कळतं. आजीच्या ट्रंकेतून काढून तसंच अंगावर घातलेलं दुपटं, हा मी स्वतः पाहिलेला प्रसंग आहे.

तलावपाळी | 22 जुलै, दुपारी 3:15

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. माझ्या लोकरीच्या ट्रंकेत गोळ्याच गोळ्या आहेत. विणलेली सगळी फौज त्यातच. आज सगळं काढून धुते.

पाळणाघर | 22 जुलै, दुपारी 3:32

धुऊन पुष्कळ हवा लागू द्या. वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका.

दोन सुया | 22 जुलै, सायंकाळी 5:50

कसरीसाठी आमच्याकडे वेखंडाच्या कांड्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला, मलमलच्या पुरचुंडीत. पण खरं औषध म्हणजे स्वच्छता. कसरीची अळी घामाच्या, दुधाच्या डागांवर आधी जाते. शंका असेल तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. मटारांच्या शेजारी.

घामाघूम | 23 जुलै, रात्री 10:15

बायकोने धागा वाचला. आता घरात बबल रॅप साठवला जातोय. एक प्रामाणिक प्रश्न: आपल्या हवेत घालता येईल असं काही होतं का यातून?

खाडीपलीकडे | 23 जुलै, रात्री 11:02

होतं. नूनो. जपानीत नूनो म्हणजे कापड. ऑस्ट्रेलियात पॉली स्टर्लिंग यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुजवली. रेशमी शिफॉन किंवा विरळ मलमल घ्यायची, तिच्यावर जाळीसारखी पातळ लोकर, एकच थर. चोळताना तंतू कापडातून आरपार जातात, मग लोकर आटते आणि बिचाऱ्या कापडाला तिच्याबरोबर आक्रसावं लागतं, त्याच्या सुंदर चुण्या पडतात. माझी अख्खी ओढणी 90 ग्रॅमची झाली. लोकलच्या एसी डब्यात आणि ऑफिसात वापरते. कापड विरळ हवं, फुंकर मारून पलीकडे लागली पाहिजे. कोरं कापड आधी धुऊन खळ काढा. सॅटिनवर मी हात पोळून घेतलेत, लोकर धरतच नाही.

आणि बाळाच्या वस्तूंतली माझी सगळ्यात आवडती: लंगोटावर घालायची लोकरीची चड्डी. जुना शंभर टक्के लोकरीचा स्वेटर मशीनला गरम पाण्यात लावून आटवायचा (मांजरताई, तुमचा भाचीला द्यायच्या आधी सांगायला हवं होतंत), मग कापून शिवायचा. आटलेला स्वेटर उसवत नाही, कशीही कात्री चालवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसाव्या टक्क्यापर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. वर लॅनोलिनच्या (लोकरीतल्या मेणचट चरबीच्या) कोमट पाण्यात भिजवली की थेंब आत शिरत नाही.

गिरणीकर | 24 जुलै, सकाळी 8:40

'तिसावा टक्का' नाही हो, तीस टक्के. बाकी बरोबर.

खाडीपलीकडे | 24 जुलै, सकाळी 8:44

या धाग्यावर टक्केवारीला कुणाची तरी नजर लागलीय.

रानवाट | 26 जुलै, सकाळी 11:30

दख्खनी मेंढीच्या लोकरीवर कुणी प्रयोग केलेत का? दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरून पनवेल-पेणच्या शेतांत बसतात. मागच्या वर्षी एका कुटुंबाकडून दोन किलो काळी लोकर आणली. त्या आजींनी आधी विचारलं, "कशाला पाहिजे?" मग पैसे घेताना पुन्हा विचारलं. लोकरीला गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणत होत्या, कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही.

धुवायलाच चार दिवस गेले. रिठ्याच्या पाण्यात भिजवली, न घुसळता. तरी कुसळं, गोखरू, लेंडी सगळं हाताने वेचावं लागलं. तंतू भरड, आखूड, मध्ये मध्ये पांढरे ठिसूळ केस. नमदा झाला, पण मेरिनोच्या तिप्पट वेळ. बाळाला नाहीच चालणार, दाढीच्या खुंटांसारखं टोचतं. पण गरम भांड्याखाली ठेवायची चकती, चपलेतला तळवा, कुंडीचं वेष्टण, यासाठी मेरिनोपेक्षा कितीतरी टणक. रंग तर काय सांगू, काजळी आणि ताकातल्या जिऱ्याच्या मधला.

तलावपाळी | 4 ऑगस्ट, रात्री 9:20

वृत्तांत. रविवारी खाडीपलीकडे यांच्या घरी नेरूळला गेलो. मी, घोडबंदर, रानवाट आणि (हो) घामाघूम सपत्नीक. ट्रान्स-हार्बर लोकलने गेले, पिशवीत लाटणं. समोरच्या बाईंनी जागा बदलली.

व्हिडिओत जे कळलं नव्हतं ते दोन मिनिटांत कळलं. खाडीपलीकडे यांनी माझ्या तळहातावर त्यांचा हात ठेवला आणि चोळला. एवढा हलका! मी पाठ चोळत होते, त्या साबणाचा फुगा फुटू नये असा हात फिरवत होत्या. हळूहळू हाताखालचं बदलतं. आधी ओला कापूस, मग दुधावरची साय, मग एकाएकी सायीला सुरकुत्या पडतात आणि कातडं होतं. तो क्षण बोटांनाच कळतो. खोलीभर ओल्या मेंढीचा वास, बाहेर धो धो पाऊस आणि मध्ये बटाटेवडे (हात तीनदा धुऊन).

घामाघूम यांनी कुणाचं ऐकलं नाही आणि पहिल्या मिनिटापासून रगडलं. त्यांच्या बुटाला मधोमध भोक. ते म्हणतात वायुवीजन.

मी साचा 15.4 चाच कापला. उरलेलं घरी पूर्ण केलं. जोड झाला, मोजला, आतून 9.9 आणि 10.1. डावा-उजवा आहे म्हणायचं.

वाळवण्याचं: टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभी राहिले, मग जाळीच्या पिशवीत घालून मशीनचा नुसता स्पिन, मग जुन्या वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून टेबलफॅनसमोर. बोळे दर चार तासांनी बदलले. तरी तीन दिवस लागले. बाल्कनीत ठेवलेल्या नमुन्याच्या चौकोनाला मात्र बुरशी आली.

दोन सुया | 5 ऑगस्ट, सकाळी 7:55

बोळे नुसत्या कोऱ्या कागदाचे घ्या. फिकट लोकरीवर छपाईची शाई उतरते. माझ्या एका बुटात अग्रलेखाच्या दोन ओळी आहेत.

घामाघूम | 5 ऑगस्ट, सकाळी 9:10

भोक नाही, खिडकी.

आळशी मांजर | 12 नोव्हेंबर, रात्री 11:48

धागा वर काढतेय. तलावपाळीकाकू, काय झालं पुढे? बाळ?

तलावपाळी | 14 नोव्हेंबर, रात्री 2:20

इथून लिहितेय म्हणून वेळ अशी दिसेल. मुलगी झाली, 29 ऑक्टोबरला. दोघी छान आहेत. बाहेर चार अंश.

दहाचे बूट तिला पिशव्यांसारखे होतात. पाऊल मोजलं, साडेसात. सामानाच्या तळाशी लेकीला दाखवून हसायला म्हणून तो चुकलेला पावणेनऊचा जोड आणला होता. कालपासून तोच घालतोय. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आतून लव काढून, आणि तरी दर वेळी बोटं बघून. डावा राहतो. उजवा ती दहा मिनिटांत उडवते.

खाडीपलीकडे | 14 नोव्हेंबर, सकाळी 6:50

अभिनंदन आजी! उजव्याच्या घोट्यापाशी आतून साबणाचं बोट फिरवून तेवढाच भाग गरम पाण्यात आटवा. वाळलेला नमदासुद्धा पुन्हा ओला करून आटतो.

घोडबंदर | 14 नोव्हेंबर, सकाळी 8:30

अभिनंदन काकू! आणि 200 ग्रॅमपैकी किती उरली? पिवळी मिळत नाहीये कुठे.